मीटर २३० दाखवतो, मग व्होल्टेज जातो कुठं?

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, जिंतूरकडच्या एका मुलानं विचारलंय: "काका, ओहमचा नियम पाठ आहे. पण गणित आलं की कुठला व्होल्टेज घालायचा ते कळत नाही. मी सगळीकडं २३० टाकतो आणि उत्तर चुकतं. दुसरं असं, की घरापासून दोनशे मीटरवर आमचा आखाडा, म्हणजे शेतातली गुराढोरांची जागा, आहे. तिथपर्यंत दीड एमएमची दोन तारांची वायर ओढून ६० वॅटचा बल्ब लावलाय, तो चांगला चालतो. पण थंडीत पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड लावला की बल्ब डीम होतो आणि पाणीही लवकर तापत नाही. रॉड काढून मीटर लावला तर बरोबर २३० दाखवतो. मग व्होल्टेज जातो कुठं?"

बाळा, तुला वाटतं तसे हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. गणितात तू जी चूक करतोस तीच आखाड्यावरही करतोयस. दोन्हीकडं तू वायरला हिशेबातून वगळलंयस.

व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रेझिस्टन्स, एवढाच नियम. पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध असे शब्द असतात. मी तीस वर्षं मोटर रिवाइंडिंग (मोटरच्या आतली जळालेली तारेची गुंडाळी नव्यानं भरणं) आणि वायरिंग करतोय, आमच्या तोंडी व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स हेच बसलेत, तेच वापरतो. हा नियम पूर्ण सर्किटला लावता येतो आणि सर्किटच्या एखाद्या तुकड्यालाही. पण एकदा तुकडा धरला की तिन्ही आकडे त्याच तुकड्याचे पाहिजेत. करंट त्याच्यातून जाणारा, व्होल्टेज त्याच्याच दोन टोकांमधला, रेझिस्टन्स त्याचाच. व्होल्टेज पूर्ण सर्किटचा आणि रेझिस्टन्स एका तुकड्याचा असं घेतलंस की उत्तर चुकलंच. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या दहातल्या आठ पोरांचं गणित इथंच अडतं.

आता तुझा आखाडाच सोडवू. वही घेऊन बस.

रॉडवर १५०० वॅट, २३० व्होल्ट असं छापलेलं असतं. याचा अर्थ २३० मिळाले तर १५०० वॅट. त्यावरून रेझिस्टन्स काढायचा: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००, त्याला १५०० नं भागलं की ३५.३ ओहम. ६० वॅटच्या बल्बचा असाच काढ, ८८२ ओहम येतो. वॅट कमी तर रेझिस्टन्स जास्त, हे इथंच मनात पक्कं कर. पुष्कळ जण उलटं धरून बसतात.

मग वायर. दीड एमएम, म्हणजे छेद दीड चौरस मिलिमीटरचा, अशा तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स एका किलोमीटरला १२.१ ओहम असतो. तुझं अंतर दोनशे मीटर, पण करंट जातो आणि परतही येतो. फेजची तार दोनशे, न्यूट्रलची दोनशे, एकूण चारशे मीटर. ही परतीची तार धरायला लोक हटकून विसरतात आणि हिशेब निम्म्यानं चुकतो. १२.१ गुणिले ०.४ म्हणजे ४.८४ ओहम.

आधी फक्त रॉड लावलाय असं धर. करंट फेजच्या तारेतून रॉडमध्ये, रॉडमधून न्यूट्रलच्या तारेत. वाटेत दुसरा फाटा नाही. म्हणजे सगळं एकामागं एक, सिरीजमध्ये, आणि सिरीजमध्ये रेझिस्टन्सची सरळ बेरीज. ३५.३ अधिक ४.८४, म्हणजे ४०.१४ ओहम. घराकडून मिळणारे २३० हे या पूर्ण ४०.१४ ओहमवर आहेत, रॉडवर नाहीत. म्हणून करंट २३० भागिले ४०.१४, म्हणजे ५.७३ अँपिअर.

हा करंट सगळीकडं तोच. आता एकेक तुकडा घे. वायरवर ५.७३ गुणिले ४.८४, म्हणजे २७.७ व्होल्ट. रॉडवर ५.७३ गुणिले ३५.३, म्हणजे २०२.३ व्होल्ट. बेरीज करून बघ, बरोबर २३०. ही बेरीज जुळली नाही तर कुठंतरी चुकलंय असं समजून मागं जायचं; गणित तपासायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. तू विचारलेला हरवलेला व्होल्टेज हाच, २७.७ व्होल्ट. तो वायरीच्या अंगावर पडला आणि त्याची उष्णता होऊन चारशे मीटर तारेभर पसरली. २७.७ गुणिले ५.७३, जवळपास १५९ वॅट. तुझ्या रॉडला मिळाले २०२.३ गुणिले ५.७३, म्हणजे ११५९ वॅट. १५ लिटरची बादली २० अंशावरून ४५ अंशावर न्यायला पूर्ण १५०० वॅटवर साडेसतरा मिनिटं लागतात, तुझ्याकडं साडेबावीस लागतील. पाणी लवकर तापत नाही म्हणतोस ते हेच.

आता बल्बही जोड. बल्ब आणि रॉड आखाड्यावर एकाच जागी जोडलेत, म्हणजे पॅरलल. पॅरललमध्ये दोघांच्या टोकांचा व्होल्टेज एकच असतो. दोघांचा मिळून रेझिस्टन्स गुणाकार भागिले बेरीज: ८८२ गुणिले ३५.३, भागिले ९१७.३, उत्तर ३३.९ ओहम. पॅरललचं उत्तर नेहमी सगळ्यात लहान रेझिस्टन्सपेक्षाही लहान यायला पाहिजे. मोठं आलं तर तू नुसती बेरीज करून बसलायस. त्यात वायरचे ४.८४ मिळव, ३८.८ ओहम. करंट ५.९३ अँपिअर, वायरवर २८.७ व्होल्ट पडले, आखाड्यावर उरले २०१.३. बल्बला आता २०१ व्होल्टच मिळतात, म्हणून तो डीम. एकटा असताना त्याचा करंट होता पाव अँपिअर, वायरवर पडत होते सव्वा व्होल्ट. ते डोळ्याला कळतच नव्हते. वायर तीच, तिचा रेझिस्टन्सही तोच. करंट वाढला म्हणून तिच्यावर पडणारा व्होल्टेज वाढला.

यावरून रॉड काढल्यावर मीटर २३० का दाखवतो तेही कळेल. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण दहा मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम असतो. त्याच्यातून जाणारा करंट नगण्य, म्हणून वायरवर पडणारा व्होल्टेजही नगण्य. मीटर खोटं बोलत नाही, त्याला विचारलेलंच सांगतो. तू विचारलंस "लोड नसताना, म्हणजे पुढं काही चालू नसताना, किती?", त्यानं सांगितलं २३०. विचारायचं होतं "लोड असताना किती?"

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वीसेक वर्षांपूर्वी सेलूकडच्या एका शेतकऱ्याची एक एचपीची सिंगल फेज मोटर माझ्याकडं आली, जळालेली. मी वाइंडिंग भरून दिली. पंधरा दिवसांत परत आली. "मोटर कामून जळाली?" असं त्यांनी शांतपणे विचारलं आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. विहिरीवर जाऊन मीटर लावला, २२८. सगळं ठीक म्हणून मोटर पुन्हा भरून दिली. तिसऱ्या वेळी मी मोटर चालू करायला सांगून मीटर लावला, तर आकडा १५० च्या खाली. खांबाखांबानं मागं गेलो. एका खांबाजवळ ॲल्युमिनियमची तार आणि तांब्याची तार नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली. टेप सोडली तर आत पांढरी भुकटी. मोटर बंद असताना त्या सांध्यातून काहीच करंट जात नव्हता, म्हणून तिथं काही पडतही नव्हतं. दुसऱ्यांदाचे पैसे मी घेतले नाहीत, पण तोवर त्यांच्या हरभऱ्याची पाण्याची पाळी हुकली होती, ती मला परत देता आली नाही. तेव्हापासून लोडवर मोजल्याशिवाय मी मोटर खोलत नाही.

अशा सांध्याचं गणितही करून बघ. सांधा खराब होऊन १००० ओहमचा झालाय असं समज. मीटरच्या एक कोटी ओहमपुढं हजार म्हणजे काहीच नाही, मीटर २२९.९८ दाखवेल. त्याच जागी तुझा रॉड लावला तर एकूण १०३५ ओहम, करंट ०.२२ अँपिअर, रॉडवर जेमतेम ८ व्होल्ट. आणि सांधा थोडासाच, अर्ध्या ओहमचा खराब असेल तर? ६ अँपिअरला तिथं ३ व्होल्ट पडतील. ऐकायला कमी वाटतात, पण ३ गुणिले ६ म्हणजे १८ वॅट, तेही बोराएवढ्या जागेत. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं. सॉकेट काळं का पडतं, प्लग का वितळतो, हे यातच आलं.

शिकवताना पोरांना कालव्याचा दाखला द्यायचा मोह होतो. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या भागातून जातो, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं दुःख आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. लांब गेलं की कमी मिळतं, इथपर्यंत दाखला खरा आहे. पण पुढं तो फसवतो. कालव्यात पाणीच वाटेत मुरतं, टेलला पाणी कमी पोचतं. तारेत करंट वाटेत मुरत नाही. घराकडून ५.७३ अँपिअर निघाला तर रॉडमध्येही ५.७३ आणि न्यूट्रलमधून परत येतानाही ५.७३. कमी होतो तो व्होल्टेज. क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा, आधी फेजच्या एकट्या तारेला लाव, मग न्यूट्रलच्या एकट्या तारेला, स्वतः खात्री करून घे. दोन्ही तारा एकत्र क्लॅम्पमध्ये घेतल्यास तर शून्य येईल, कारण जाणारा आणि येणारा एकमेकाला रद्द करतात. आणि दोन्हीकडं आकडा सारखा नसेल तर कुठंतरी करंट जमिनीत उतरतोय. ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच, नेमका हाच फरक बघून ट्रिप होतो; घरात लावतात तो ३० मिलीअँपिअरचा असतो.

आता परीक्षेतल्या गणिताचं. फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक पांढरा एलईडी लावायचाय, त्याला ३ व्होल्ट आणि २० मिलीअँपिअर लागतात. सिरीजमध्ये किती ओहम लावायचा? तू १२ भागिले ०.०२ करशील, ६०० म्हणशील. चूक. रेझिस्टन्सच्या टोकांवर १२ नाहीत, एलईडीचे ३ वजा जाऊन ९ आहेत. ९ भागिले ०.०२, म्हणजे ४५० ओहम. दुकानात ४७० चा मिळतो, तो लाव, करंट १९ मिलीअँपिअर राहील. मिलीचा अँपिअर केल्याशिवाय भागाकार करू नकोस. परीक्षेत निम्मे मार्क त्या तीन शून्यांत जातात.

पुढं तुला एक गोष्ट गोंधळात टाकेल, म्हणून आधीच सांगतो. ६० वॅटचा तोच बल्ब काढून मीटरनं त्याचा रेझिस्टन्स मोज. ८८२ येणार नाही, साठ-सत्तर ओहम येईल. बल्ब खराब नाही. मीटर थंड तार मोजतो. पेटल्यावर टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर जाते आणि रेझिस्टन्स बारा-चौदा पट होतो. रॉडची तार निक्रोमची, तिच्यात असा फरक फार थोडा पडतो, म्हणून रॉड थंड मोजलास तरी पस्तिसाच्या जवळपास येईल. जॉर्ज ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर होता. त्यानं १८२७ मध्ये हा नियम पुस्तकरूपात मांडला, त्याआधीचे प्रयोग करताना त्याच्यापुढंही असलीच अडचण होती. त्या वेळच्या बॅटऱ्यांचा व्होल्टेज मोजता मोजता घसरायचा. शेवटी त्यानं दोन धातूंच्या दोन सांध्यांतला एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर व्होल्टेज मिळवला, तेव्हा आकडे जुळले. म्हणजे नियम लावताना बाकीचं स्थिर आहे ना, हे बघणं पहिल्या दिवसापासून कामाचा भाग आहे.

सिरीज नीट समजून घ्यायचं असेल तर कुठल्याही रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन सिरीजचा बोर्ड बघ. एक बल्ब आणि त्याच्यामागं सिरीजमध्ये दोन मोकळी टोकं, एवढाच तो बोर्ड. टोकं एकमेकांना लावली तर सगळे २३० बल्बवर, तो पूर्ण पेटतो. टोकांमध्ये तुटलेलं वाइंडिंग आलं तर करंटच नाही, बल्ब अंधारात. चांगलं वाइंडिंग आलं तर व्होल्टेज दोघांत वाटला जातो आणि बल्ब मंद लागतो. त्या मंदपणावरून जुना कारागीर वाइंडिंग शॉर्ट आहे का ते ओळखतो. त्याच बोर्डवर ६० वॅट आणि १०० वॅटचे बल्ब सिरीजमध्ये लाव. ६० चा जास्त पेटेल. सिरीजमध्ये करंट दोघांत तोच, आणि जास्त रेझिस्टन्स ६० वाल्याचा, म्हणून जास्त व्होल्टेज त्याच्यावर. पोरांना हे पटत नाही, म्हणून मी सांगत बसत नाही, लावूनच दाखवतो.

मोटरीला मात्र हा साधा भागाकार लावू नकोस. एक एचपीच्या मोटरचं वाइंडिंग मीटरवर तीनचार ओहम दाखवतं. २३० भागिले ३ केलंस तर ७७ अँपिअर येतात, प्रत्यक्षात चालू मोटर सहासात अँपिअर घेते. एसीवर वाइंडिंगच्या कॉइलचा वेगळा विरोध असतो, आणि मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते. म्हणूनच सुरू होताना, फिरायच्या आधी, ती नेहमीच्या पाचसहा पट करंट ओढते. आणि रॉडच्या अगदी उलट, व्होल्टेज कमी झाला की पाणी ओढणारी मोटर जास्त करंट घेते, गरम होते, जळते. लांबच्या विहिरीवर बारीक वायर टाकली की मोटरी का जळतात, त्याचं कारण हे. पण वायरवर किती पडतो ते मात्र तू ओहमच्या नियमानंच काढू शकतोस: क्लॅम्प मीटरवर दिसलेला करंट गुणिले वायरचा रेझिस्टन्स.

आणखी एक, हे मन लावून वाच. आपल्याकडं आखाड्यावर नुसती फेजची तार नेतात आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत लोखंडी सळई ठोकतात. वायर वाचली असं वाटतं. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडल्या की त्या सळईचा जमिनीशी रेझिस्टन्स वाढतो, म्हणून तर अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओततात. समज, सळईचा रेझिस्टन्स ४० ओहम आहे. बल्ब लावला तर सळईवर दहाएक व्होल्ट पडतात, कुणाला काही कळत नाही. त्याच सळईवर तुझा रॉड लावला तर वायर सोडूनही ३५.३ अधिक ४०, करंट ३ अँपिअर आणि सळईवर १२२ व्होल्ट. ती सळई गोठ्यात असेल, बाजूला ओल्या जमिनीत बैल उभा असेल, लेकरू अनवाणी फिरत असेल. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमपर्यंत खाली येतो. १२२ भागिले १०००, म्हणजे १२२ मिलीअँपिअर. ईएलसीबी ३० ला तोडतो कारण त्यावर जीव जाऊ शकतो. तुझ्या गावात कुणी असं केलेलं दिसलं तर त्यांच्यासमोर हा हिशेब मांड आणि दुसरी तार ओढायला लाव.

तुझ्या आखाड्याला उपाय दोन. रॉड घरीच वापर आणि आखाड्यावर फक्त उजेड ठेव, म्हणजे आहे ती वायर पुरेल. किंवा वायर जाड कर. ४ एमएम तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला ४.६१ ओहम, चारशे मीटरला १.८४. त्यावर रॉडला २१८.६ व्होल्ट मिळतील, साडेतेराशे वॅट. तांबं परवडत नसेल तर ॲल्युमिनियम चालेल, पण त्याच मापाचं घेऊ नकोस. ४ एमएम ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स अडीच एमएम तांब्याएवढाच असतो, ७.४१ ओहम, ४ एमएम तांब्याची बरोबरी करायची तर ६ एमएम ॲल्युमिनियम लागेल. आणि तांबं-ॲल्युमिनियमचा सांधा पिळून करू नकोस, दोन धातूंचा कनेक्टर मिळतो तो लाव.

पण वायर विकत घ्यायच्या आधी एक काम कर. रॉड पाण्यात बुडवून चालू ठेव, पाण्यात हात घालू नकोस, आणि एकाच वेळी दोन ठिकाणचा व्होल्टेज घे, घरच्या बोर्डवर एकानं आणि आखाड्याच्या सॉकेटवर दुसऱ्यानं. दोन्ही आकड्यांत अठ्ठावीसच्या आसपास फरक आला तर वायर निर्दोष आहे, फक्त बारीक आहे, आणि वरचा हिशेब तसाच लागू. फरक चाळीस-पन्नास आला तर वायर बदलू नकोस, आधी मेन बंद करून दोनशे मीटरमधला प्रत्येक सांधा उघडून बघ. आणि घरच्याच बोर्डवर व्होल्टेज दोनशेच्या खाली आला, तर दोष तुझ्या वायरीच्याही मागं आहे, खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या सर्व्हिस वायरीत किंवा डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. तिथं तू हात घालायचा नाही, लाईनमनला बोलवायचं. दोन्ही आकडे कळव.